बारा नाड्या

१

"आत्या, ऊठ. कुणाला काही बोलू नकोस, आधी बाहेर ये."

माझी भाची टिल्ली असं कुजबुजली तेव्हा नुकतं उजाडत होतं. मी तंबूतून बाहेर आले, म्हणजे आधी डोकं, मग हात आणि बऱ्याच वेळाने गुडघे. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने डोंगरावर जमिनीवर झोपू नये, हे मी आदल्या दिवसापासून सांगत होते. ऐकतंय कोण.

टिल्ली गवतावर बसली होती. तिच्यापुढे बुटांची पिशवी, आणि पिशवीतून ओतलेले सहा जोडी बूट. एकाही बुटाला लेस नव्हती. सगळे बूट जिभा बाहेर काढून आमच्याकडे बघत होते.

"बाराच्या बारा गेल्या," ती म्हणाली.

"पडल्या असतील कुठेतरी."

"ओवलेल्या लेस पडतात का, आत्या?"

पडत नाहीत, हे मला तिच्याहून जास्त माहीत. माझी तीस वर्षं लाँड्री आहे. बूट धुवायला आले की पहिलं काम लेस काढायचं. एका बुटाला दोन मिनिटं धरली तरी बारा बुटांना पंचवीस मिनिटं झाली. म्हणजे हे काम कुणीतरी निवांत बसून केलं होतं.

टिल्लीचं तोंड एवढंसं झालं होतं. नवशिक्यांना डोंगरावर नेणाऱ्या एका कंपनीत ती दोन वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबली. लीडर म्हणून ही तिची पहिली सहल. साहेबांनी आधीच बजावलं होतं, की पहिल्या सहलीत एक जरी तक्रार आली तर तिने टेबलाशी बसून फोन घ्यायचे आणि डोंगर विसरायचा. या पोरीला चार भिंतींत दोन तास बसवलं तर ती खिडकीचे गज मोजायला लागते. तिला फोन घ्यायला बसवणं म्हणजे शिक्षाच. पाच माणसं भरली नाहीत तर सहल रद्द होणार होती, म्हणून पाचवी मी आले होते. आठ वाजता टिल्लीला वरच्या खडकावर जाऊन ऑफिसला फोन करायचा होता, कारण रेंज तिथेच यायची. आता सव्वासहा वाजले होते.

एकेक जण तंबूतून बाहेर आला आणि बुटांभोवती गोळा झाला. सगळ्यात शेवटी आल्या दातांच्या डॉक्टरीणबाई. ताडमाड उंच बाई, अंगावर सगळं कोरं करकरीत सामान. त्यांनी आपला बूट उचलला, उलटा केला, खाली ठेवला.

"शिखराची शेवटची चढण कड्याची आहे. लेसशिवाय मी तिथे जाणार नाही आणि कुणी जाऊही नये," त्या म्हणाल्या. "सुट्टी काढून आलेय मी. आठ वाजता फोन लागला की मी स्वतः बोलणार तुमच्या ऑफिसशी."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"एक विचारू? बूट दिसले की लेस काढून ठेवायची सवय इथे कुणाला आहे?"

२

आता आदल्या दिवसाचं सांगायला हवं, नाहीतर काही कळायचं नाही.

पायथ्यापर्यंत जीप होती. पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते सर. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, उंच, काटक, अंगात तपकिरी लोकरीचा कोट. हात इतके लांब की बाह्यांतून मनगटं चार बोटं बाहेर. मधल्या बाकावर मी, डॉक्टरीणबाई आणि सरांची बायको. त्यांना सगळे काकू म्हणत होते म्हणून मीही म्हणायला लागले, खरं तर ती माझ्याच वयाची आणि माझ्याच उंचीची, म्हणजे बुटकी. मागे सामानात टिल्ली आणि बेकरीवाला. तो रात्रभर पाव भाजून थेट जीपमध्ये चढला होता आणि तोंड उघडं टाकून झोपला होता.

सरांनी जीप सुटायच्या आतच यादी वाचून दाखवली. "बॅटरी आहे. शिट्टी आहे. सुई-दोरा आहे. बुटांच्या जादा नाड्या आहेत."

"लेस म्हणायचंय का तुम्हाला?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नाडी हा चांगला शब्द आहे. तो असताना दुसरा उसना कशाला आणायचा?"

"नाडी पायजम्याला असते, सर," मी म्हटलं. काकू पदर तोंडाला लावून हसल्या. सर हसले नाहीत. त्यांच्या नाकावर चाळीस वर्षं शाळा बसलेली होती.

वाटेत डॉक्टरीणबाईंनी मला कपड्यांचं विचारलं. लाँड्रीवाली भेटली की लोक विचारतातच, जसं त्यांना भेटल्यावर लोक आ करून दाढ दाखवत असतील.

"झाडाचा चीक लागला तर?"

"पाणी अजिबात लावायचं नाही, पसरतो. आधी तेल चोळायचं, म्हणजे चीक सुटतो. आणि मग त्या तेलावर..."

तेवढ्यात शेळ्या आडव्या आल्या, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, माझं कपाळ पुढच्या बाकाला आपटलं आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

मग चढण. मी सगळ्यात मागे असणार हे ठरलेलंच होतं, पण सर माझी सोबत करत होते. थोडं चढलं की ते म्हणायचे, "थांबा. नाडी बघतो." मग दगडावर पाय टेकून वाकायचे, आमच्याकडे पाठ करून. मिनिटभराने उठायचे. नऊ वेळा झालं असं, मी मोजलं. मला काय, बसायला मिळत होतं. पण नऊ वेळा बघावी इतकी ती नाडी सुटत होती का? एकदा मी वाकून पाहिलं तर पक्की दुहेरी गाठ. म्हटलं, मास्तर माणूस, तपासून बघायची सवय असेल.

बेकरीवाला सरांचा जुना विद्यार्थी निघाला. संध्याकाळी चहा पिताना तो म्हणाला, "मावशी, हे शिखर आमच्या वर्गाच्या खिडकीतून दिसायचं. सर दरवर्षी सांगायचे, एकदा तरी चढून या. मी एकदा विचारलं, सर, तुम्ही चढलात का? सगळा वर्ग गप्प. सर म्हणाले, नाही. खोटं कधी बोलला नाही हा माणूस. आम्हाला फार जड जायचं ते."

सर ते ऐकत होते. शिखराकडे बघत म्हणाले, "उद्या उत्तर बदलू."

झोपायच्या आधी टिल्लीने सगळ्यांचे बूट एका पिशवीत भरले आणि आपल्या काठीच्या आकड्याने ती पिशवी झाडाच्या फांदीला अडकवली. किडामुंगी जाऊ नये, दव लागू नये म्हणून. काठी घेऊन ती तंबूत गेली. त्यानंतर सकाळपर्यंत त्या पिशवीला कुणीतरी हात लावला होता.

३

"कुणाच्याही पिशव्या तपासायच्या नाहीत," टिल्ली मला बाजूला घेऊन म्हणाली. "पाहुणे आहेत ते. मी फोनवर सांगते, माझंच लक्ष नव्हतं."

"सांगशील. आधी मला तासभर दे."

"तू काय करणार आहेस?"

"डाग बघणार."

झाडाजवळ गेले. बुंध्यावरून चिकाचा ओघळ आला होता आणि माझ्या खांद्याच्या उंचीवर तो ताजा घासला गेला होता. खाली एक सपाट दगड आणून टेकवलेला. आदल्या संध्याकाळी तो चुलीजवळ होता, मी त्यावरच बसले होते. म्हणजे काठी नसलेलं कुणीतरी या दगडावर चढलं, एका हाताने बुंध्याला मिठी मारली आणि दुसऱ्याने पिशवी काढली.

डॉक्टरीणबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी नुसता हात वर केला आणि बोटं फांदीला टेकली.

"मला दगड लागला नसता," त्या म्हणाल्या. "सरांना नाही, बेकरीवाल्याला नाही. राहिल्या तुम्ही तिघी. तुम्ही, तुमची भाची आणि काकू. राग मानू नका, पण मी हिशेबाने बोलतेय."

राग आलाच होता, पण बाई बोलत होती त्यात चूक काढता येईना. मी त्यांच्या बाह्या पाहिल्या. स्वच्छ. बेकरीवाल्याच्या बाहीवर पीठ होतं, तेही जुनं. टिल्लीच्या बाह्या स्वच्छ, काकूंच्या स्वेटरच्या स्वच्छ, सरांच्या कोटाच्याही वरून स्वच्छ. चिकाने कुणाला तरी धरलं असणारच होतं, पण पुरावा कुठे दिसेना.

चुलीपाशी सगळे खिन्न बसले होते. बेकरीवाला म्हणाला, "तंबूच्या दोऱ्या कापून ओवू या का?"

"नाही," सर लगेच म्हणाले. "दुसऱ्याचं सामान कापायचं नाही." आणि पुन्हा गप्प बसले. शिखर चढायला सगळ्यात उतावीळ माणूस, आणि सकाळपासून एवढंच बोलला होता.

बेकरीवाला सरपण आणायला उठला तशी मी मागोमाग गेले.

"अरे, तू तर तीनला उठणारा. रात्री जाग आली असेल."

"आली ना. तीन वाजले की डोळे उघडतात, भट्टी नसली तरी."

"मग?"

तो काटक्या मोडायला लागला. ज्या मोडायच्या नव्हत्या त्याही मोडल्या.

"मावशी, मला विचारू नका."

"टिल्ली दोन वर्षं राबलीय रे यासाठी. आठ वाजता तिचं सगळं संपेल. तू काही पाहिलं असशील आणि मूग गिळून बसलास, तर तिने काय करायचं?"

त्याने काटक्या खाली ठेवल्या. डोळे खरंच ओले झाले होते त्याचे.

"तंबूच्या फटीतून पाहिलं. झाडापाशी पाठमोरं बसलेलं होतं कुणीतरी, मांडीवर बूट घेऊन. तोंड नाही दिसलं. पण कोट दिसला. तपकिरी. सरांचा कोट होता तो."

४

सर? माझ्या मनात पाल चुकचुकली, पण पटेना. सरांना दगड कशाला लागेल? आणि बाहीवर चीक कसा नाही?

कोट हातात घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि थंडीत माणसाच्या अंगावरचा कोट मागायचा कसा? शेवटी मी तीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. चहाचा पेला घेऊन सरांजवळ गेले, अडखळले, आणि तो चांगला कोमट चहा त्यांच्या छातीवर ओतला.

"अरे देवा. काढा, काढा लवकर, लोकरीत चहा मुरला की निघत नाही." हे साफ खोटं होतं, निघतो. पण सर कपड्यातलं काय ओळखणार? त्यांनी कोट काढून दिला.

झऱ्यापाशी नेऊन मी तो उलटा केला. आणि सापडलं. उजव्या बाहीत, आतल्या अस्तरावर, काठापासून चार बोटं वर एक गोल काळपट डाग. मध्ये चिकाचा बारीक कण, भोवती तेल. नाकाला लावलं. केसांना लावायचं तेल.

मी कोट मांडीवर घेऊन बसले आणि दुकानात बसते तशी त्या डागाशी बोलायला लागले. तू आत कसा आलास? बाही दुमडली असेल तर. अस्तर बाहेर येतं आणि चीक अस्तराला लागतो. पण सरांची मनगटं बाहेर राहतात, ते बाही कशाला दुमडतील? दुमडणार ज्याला बाही लांब होते तो. म्हणजे कोट सरांचा, पण आतला माणूस बुटका. बेकरीवाल्याने कोट पाहिला आणि सर पाहिले असं समजला.

मग तेल. चिकाला तेल लावायचं हे जीपमध्ये दोघींनी ऐकलं, डॉक्टरीणबाईंनी आणि काकूंनी. डॉक्टरीणबाई उंच. टिल्ली बुटकी आहे आणि तिला तेलही माहीत आहे, पण ती माझ्या दुकानात वाढलीय. तेलानंतर त्यावर कोरडं पीठ टाकायचं, ते तेल ओढून घेतं आणि मग साबण, हे ती झोपेतसुद्धा चुकायची नाही. इथे तेल तसंच राहिलं होतं. ज्याने हा डाग काढला त्याला माझं अर्धंच वाक्य माहीत होतं. उरलेलं अर्धं शेळ्यांनी खाल्लं होतं.

वाईट वाटलं मला. त्या सगळ्यांत मला आवडलेली बाई ती एकच होती.

मागे पावलं वाजली. काकू हंडी घेऊन पाण्याला आल्या होत्या. माझ्या मांडीवर उलटा केलेला कोट त्यांनी पाहिला आणि हंडी हळूच खाली ठेवली.

"तेलाने गेला नाही तो," त्या म्हणाल्या.

५

"पीठ टाकायचं असतं वरून," मी म्हटलं.

त्या माझ्या शेजारी बसल्या. कानावर हात ठेवले नाहीत की रडल्या नाहीत.

"लेस त्यांच्या उशीच्या अभ्र्यात आहेत. त्यांच्याच डोक्याखाली. तिथे कोण बघणार?"

"पण का, काकू? त्या पोरीचं काय होईल याचा विचार..."

"मला कुठे ठाऊक होतं हो? मला वाटलं, सहल माघारी फिरेल, लोक चार दिवस कुरकुरतील. आज सकाळी डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हा कळलं. तेव्हापासून घशाखाली पाणी उतरलं नाहीये माझ्या." त्यांनी हातातला पदर पिळला. "काल चढताना ते काय म्हणत होते, ऐकलंत ना?"

"नाडी बघतो म्हणत होते. नऊ वेळा."

"बघतो म्हणत होते. बांधतो नाही म्हणाले एकदाही."

मला कळायला क्षणभर लागला. मग डोळ्यांपुढे आलं. पाठ करून वाकलेले सर, आणि ती कधीच न सुटलेली दुहेरी गाठ.

"मनगटावर दोन बोटं ठेवून मोजत होते," काकू म्हणाल्या. "मी बाजूने पाहिलं. खोटं बोलत नाहीत ना. नाडी बघतो म्हणाले, बघतच होते. आपण बुटाकडे बघत राहिलो."

तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी चढण पूर्ण बंद केली होती. सरांनी ती चिठ्ठी शब्दकोशात ठेवली आणि पुन्हा काढली नाही. सहलीच्या फॉर्मवर आजारांची जागा कोरी सोडली, म्हणजे खोटंही लिहिलं नाही आणि खरंही नाही.

"मी नको म्हटलं असतं तर मुद्दाम चढले असते. आणि चारचौघांत सांगितलं असतं, त्या मुलासमोर, तर जन्मभर माझं तोंड बघितलं नसतं. तोच मुलगा ना वर्गात विचारणारा. रात्री यांच्या छातीत घरघर ऐकत पडले होते. म्हटलं, त्यांना थांबवता येत नाही तर सगळ्यांनाच थांबवावं. कोट दाराशी होता, तोच अंगावर घातला. मी काय चोर आहे का हो? पण आज त्या कड्यावर काही झालं असतं, तर मी घरी कुणाबरोबर जाणार होते?"

मी त्यांचा हात धरला. गार पडला होता.

"त्यांना काही कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तेवढं सांभाळा."

मी मान डोलावली, आणि डोलावता डोलावता थांबले. जीपमधली यादी आठवली. बॅटरी, शिट्टी, सुई-दोरा.

"काकू, सरांकडे जादा नाड्या आहेत ना?"

"आहेत की. आतल्या खिशात, नेहमी."

मी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. कागदात गुंडाळलेली नवी कोरी जोडी तिथे होती. तंबूच्या दोऱ्या कापायची पाळी आली तेव्हाही सरांनी ती बाहेर काढली नव्हती.

६

साडेसात झाले होते. सर आपल्या तंबूपुढे शर्टावर बसले होते, जिभा काढलेले बूट शेजारी. मी कोट त्यांच्या खांद्यावर टाकला आणि कागदाची पुडी मांडीवर ठेवली.

"ही काढली का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही," ते म्हणाले.

"मी विचारते."

बराच वेळ ते पुडीची घडी उलगडत आणि पुन्हा घालत बसले.

"पहाटे ती तंबूत आली तेव्हा तिचे पाय बर्फ झाले होते. मी झोपलोय असं तिला वाटलं. थोड्या वेळाने उशीत काहीतरी टोचलं. चाचपलं तर नाडीची टोकं." त्यांचा आवाज खाली गेला. "बाई, मला काय वाटलं सांगू? सुटलो. लाज वाटावी असं सुटल्यासारखं वाटलं. पुडी काढली असती तर मी एकट्याने तरी निघायला हवं होतं. बूट तयार, शिखर समोर. मग म्हणायचं काय?"

"जमत नाही म्हणायचं."

"ते मला येत नाही."

"चाळीस वर्षं खरं बोलायला शिकवलंत पोरांना."

मी टिल्लीकडे बोट दाखवलं. ती खडकाच्या वाटेला लागली होती, अनवाणीच, कारण बूट पायात राहत नव्हते. मागे डॉक्टरीणबाई, हातात तक्रारीचा लिहिलेला कागद.

"ती फोनवर माझंच लक्ष नव्हतं असं सांगणार आहे, सर. म्हणजे खोटं. तुमच्यासाठी."

सर उठले. उठताना गुडघ्यावर हात ठेवला, आणि कुणी बघतंय का हे या वेळी पाहिलं नाही.

"मुली, थांब," त्यांनी हाक मारली. शाळेच्या मैदानावर मारत असतील तशी. सगळे जागच्या जागी थांबले, बेकरीवाला तर सावधानमध्येच उभा राहिला.

"नाड्या माझ्यामुळे गेल्या. कुणी काढल्या ते विचारू नका, मी सांगणार नाही. जबाबदारी माझी." काकूंनी हातातली हंडी घट्ट धरली. "फॉर्मवर मी एक जागा कोरी सोडली होती. या मुलीने दोनदा विचारलं, मी नंतर भरतो म्हणालो. आता भरतो. मला चढताना दम लागतो. छातीत दुखतं. कालही दुखलं." त्यांनी बेकरीवाल्याकडे पाहिलं. "मला हे शिखर जमणार नाही. तू विचारलं होतंस तेव्हा उत्तर नाही होतं. ते तसंच राहील."

बेकरीवाला पुढे आला.

"सर, मी पण नाही ना चढलो अजून. इतकी वर्षं खिडकीतनंच बघतोय. आणि खरं सांगू, मला वाटायचं मी उगाच विचारलं. तुमचा चेहरा कसा झाला होता ते विसरलो नाही मी."

"चांगला प्रश्न होता," सर म्हणाले. "वर्गात तेवढा एकच विचारलास."

डॉक्टरीणबाई आधीच सरांच्या जवळ पोचल्या होत्या. "मी दातांची आहे, पण ठोके मलाही मोजता येतात," म्हणत त्यांनी मनगट हातात घेतलं. मोजलं. पुन्हा मोजलं. काकूंकडे एक नजर टाकली, कोटाच्या बाहीतल्या तेलाच्या डागाकडे एक, आणि सगळं समजल्या असाव्यात, कारण पुढे एकही प्रश्न विचारला नाही.

"वर नाही. हळूहळू खाली," त्या टिल्लीला म्हणाल्या. "पण निर्णय लीडरचा."

टिल्ली सरळ उभी राहिली. मघापर्यंत रडवेली असलेली माझी पोर एकदम मोठी दिसली मला.

"सहल परत फिरतेय," ती म्हणाली. "सगळी. कुणीही वर जाणार नाही."

आठ वाजता फोन लागला. टिल्लीने खरं ते सांगितलं. मग डॉक्टरीणबाईंनी फोन मागून घेतला आणि साहेबांना जे ऐकवलं ते मी शब्द न् शब्द ऐकलं. अशी लीडर असेल तर पुढच्या वेळी पुन्हा हिच्याबरोबरच येईन, आणि तुमच्या फॉर्मवर कोरी जागा चालते कशी, ते आधी बघा. तक्रारीच्या कागदाचा त्यांनी बोळा करून चुलीत टाकला. टिल्लीने मला अशी मिठी मारली की माझे गुडघेच काय, बरगड्याही दुखल्या.

उशीतून बारा नाड्या निघाल्या. काकूंनी प्रत्येक जोडीला गाठ मारून ठेवली होती, एकही अदलाबदल नव्हती. लाँड्रीतही इतकं नीट काम कुणी करत नाही. आम्ही सगळ्यांनी खाली मान घालून बूट ओवले आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही. सरांची पिशवी बेकरीवाल्याने पाठीवर घेतली. त्यांनी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

निम्म्या उतारावर सर थांबले.

"थांबा," ते म्हणाले. "नाडी बघतो."

आम्ही सगळे थांबलो. सर वाकले नाहीत. पाठही केली नाही. त्यांनी आखूड बाहीतून बाहेर आलेलं मनगट काकूंच्या पुढे धरलं. काकूंनी दोन बोटं ठेवली आणि त्यांच्याच घड्याळाकडे बघत ओठ हलवायला लागल्या.

मी त्यांच्या जवळच्या दगडावर टेकले. म्हटलं, आता निवांत आहे तर राहिलेलं सांगून टाकावं.

"काकू, त्या तेलावर आधी कोरडं पीठ टाकायचं, आणि मग..."

"गप्प बसा हो," काकू म्हणाल्या. "आकडा चुकेल माझा."